गवयाची बायको: कथेतलं घर खरं वाटायला काय काय लागतं? (मिरज, १९३८ ते १९५६)

कृष्णाकाठ

दीर्घकथा लिहायला घेतली आहे. गाव मिरज, काळ १९३८ ते १९५६. बुवा नामांकित, घरात आठ शिष्य, महिन्यातले पंधरा दिवस दौरा. कथा मात्र बुवांची नाही, त्यांच्या बायकोची. लग्नाआधी तिचं गाणं झालेलं, लग्नानंतर बंद. बुवा बाहेरगावी गेले की दुपारी दार लोटून ती घरच्याच तंबोऱ्यावर रियाज करते, हा कथेचा कणा.

मसुद्यावर शेरा मिळाला तो असा: "बाई खरी वाटते, घर वाटत नाही." तर जाणकारांनी चुका काढाव्यात. तंबोरा, चूल, पैसा, प्रवास, काहीही. भावनांचं मी बघून घेते.

जवारी

कण्यापासूनच सुरुवात करू, कारण मोडका तोच आहे.

बुवांची पट्टी (षड्जाचा सूर) काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी, धरू. बाईंचा आवाज साधारण काळी तीन ते काळी पाच यांत कुठेतरी बसतो. नायिका खुंट्या पिळून तंबोरा काळी चारला नेते असं लिहिलं असेल तर पहिल्याच दुपारी तार तुटेल. काळी एकपासून काळी चार म्हणजे पेटीवर पांढऱ्या-काळ्या मिळून सात पट्ट्या वर. तेवढं चढायला तारेवरचा ताण सव्वादोन पट करावा लागतो. पुरुषी तंबोऱ्याच्या जाड तारांना ते झेपत नाही. समजा तार टिकली, तरी तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) दबते किंवा भोपळा आणि दांडीचा जोड उघडतो. ते काम मग सतारमेकर गल्लीतच न्यावं लागतं, आणि अख्ख्या गल्लीला कळतं.

चारही तारा उतरवून बारीक तारा चढवल्या, तर दुपार त्यातच गेली. शिवाय घोडीवरची (तारा जिच्यावर टेकतात तिच्यावरची) जवारी, म्हणजे झंकारासाठी घासून केलेला उतार, एका पट्टीला आणि एका जाडीच्या तारेला लावलेली असते. तार बदलली की झंकार जातो, नुसता टणटणाट उरतो.

वाट आहे, आणि ती फार सोपी आहे. जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा) आणि खर्ज (शेवटची जाड तार) यांना हात लावायचाच नाही. पहिली तार पंचमात असते, ती फक्त दोन पट्ट्या उतरवून मध्यमावर आणायची. आता त्या मध्यमालाच षड्ज मानून गायचं. काळी एकचा मध्यम म्हणजे काळी तीन. बुवांचा षड्ज हा तिचा पंचम झाला. एक तार सा, बाकी तीन प. ढाल्या आवाजाच्या बाईला रियाजाला एवढं पुष्कळ.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो. बुवांचा तो गंधार तिच्या हिशेबाने शुद्ध निषाद होतो. म्हणजे यमन, बिहाग, हंसध्वनी तिला या तंबोऱ्यावर छान मिळतील. काफी, बागेश्री घ्यायला गेली तर तिचा कोमल निषाद त्या झंकाराला सारखा घासेल. लग्नाआधी तिचं जे काही तयार होतं त्यातलं निम्मं या तंबोऱ्यावर गाताच येणार नाही. हे तिला पहिल्या दुपारीच कळायला हवं, दहा वर्षांनी नव्हे.

उगाच_शंका

पण संध्याकाळी तार परत पंचमावर नेली की पुरावा संपला. मग पकडली जाणार कशी? कथेत कधीतरी पकडली जायला हवी ना?

जवारी

संपत नाही पुरावा. उतरवून परत चढवलेली तार लगेच ठरत नाही, थोडी थोडी खाली येत राहते. खुंटीवरचे वेढे पुन्हा आवळून बसायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे मणी. घोडीच्या मागे तारेत ओवलेला मणी किंचित पुढे-मागे सरकवून शेवटचा बारीक सूर मिळवतात. चार मणी रोज ज्या जागी असतात त्यातला एक तीळभर खाली दिसला तरी लावणाऱ्याला कळतं. तिसरं म्हणजे जवारीचं सूत. घोडी आणि तार यांच्यामध्ये जो रेशमाचा किंवा सुताचा दोरा असतो तो केसभर हलला की तार मुकी होते.

आता विचार करा, पहाटे तंबोरा लावतो कोण? बुवा नाही. शिष्य लावतो. म्हणजे आधी कळणार शिष्याला. बुवांना कदाचित कधीच नाही.

चुलवाण

जवारी यांना दंडवत. आता चुलीकडे या.

आठ शिष्य आणि घरची पाच माणसं म्हणजे तेरा. माणशी दोन भाकरी, दोन वेळा. बावन्न भाकरी. एका भाकरीला शंभर ते सव्वाशे ग्रॅम पीठ धरा, रोजचं साडेपाच-सहा किलो. महिन्याला पावणेदोन क्विंटल शाळू. (किलो आपल्या हिशेबाला. १९३८ च्या घरात शेर, पायली आणि मण लिहा. पैशांतही आणे-पै. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, तुमची कथा त्याआधीच संपते.)

ज्वारीचं पीठ साठवून चालत नाही. फार दिवसांचं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडेला फाटते. मग आधणाच्या पाण्यात मळावं लागतं. म्हणजे दळण आठवड्याला, दहा दिवसांना. एका वेळच्या सव्वीस भाकरी, एक तवा, एकीला दोन-अडीच मिनिटं. तासभर नुसती थापणी आणि भाजणी, कालवण वेगळं. काठवटीत थापण्याचा आवाज वाड्यात सगळीकडे जातो. पहाटेचा खर्जाचा रियाज आणि सकाळची भाकरी यांची वेळ एकमेकांवर येऊ नये ही व्यवस्था घरात कुणीतरी लावलेली असते. कुणी, ते सांगायला नको.

धूर विसरू नका. शेणी आणि ओलं सरपण धुमसतं. गवयाच्या घरात पावसाळ्याआधी वाळलेलं लाकूड भरून ठेवणं हा घशाचाच बंदोबस्त आहे. ज्येष्ठमध आणि खडीसाखरेवर लेखक पानंच्या पानं खर्च करतात. सरपणावर एक ओळ नसते.

आणि शिष्य सगळे एका पंक्तीला बसवू नका. १९३८ आहे. जातीप्रमाणे पंगत, काहींचं पाणी वेगळं, काही बाहेर वार लावून जेवणारे. हिंदू शागीर्द खाँसाहेबांकडे शिकत होते आणि मुसलमान मुलं बुवांकडे. गाणं एका बैठकीत व्हायचं, जेवण होईलच असं नाही. हे रोजच्या रोज निभावून न्यायची ती घरातली बाई. तिचं स्वतःचं मत काय होतं हा वेगळा प्रश्न आहे आणि तो कथेत यावा.

उगाच_शंका

+१. शिष्य तिला हाक काय मारतील?

चुलवाण

ब्राह्मण घर असेल तर काकू किंवा माई. मिरजेवर कानडीची सावली आहे, त्यामुळे अक्कासुद्धा चालेल. 'गुरुमाता' नको, ते सत्काराच्या भाषणातलं झालं. ती नवऱ्याचा उल्लेख 'हे' असा करेल, पाहुण्यांपुढे फार तर 'बुवा'. नाव घेईल ती उखाण्यात.

मीटरगेज

प्रवासाबद्दल. मुंबईच्या कार्यक्रमाला बुवा "मिरजेत गाडीत बसले ते थेट बोरीबंदरला उतरले" असं लिहू नका. पुणे-मिरज रूळ तेव्हा मीटरगेज होता. रुंद रूळ झाला १९७१ च्या सुमारास. म्हणजे पुण्याला उतरून सगळं सामान दुसऱ्या गाडीत चढवायचं. हमाल, दोन तंबोरे, डग्गा-तबला, वळकट्या. हुबळी-धारवाडकडे जाताना मात्र हा त्रास नाही, तिकडे मीटरगेजच. गवयांची दक्षिणेशी एवढी जवळीक का, याचा थोडा हिस्सा या रुळांच्या रुंदीतही आहे. (हे मत माझं.)

प्रवासाआधी तारा दोन-तीन पट्ट्या उतरवतात, साफ सोडत नाहीत. बऱ्याच तंबोऱ्यांत घोडी तारांच्या दाबावरच बसलेली असते. तारा सोडल्या की घोडी सरकते आणि जवारीची जागा हरवते. मग मुक्कामाला पोचून कार्यक्रमाआधी दोन तास नुसती झटापट.

तंबोरा आडवा ठेवायचा तर तबली वर, भोपळ्याखाली उशी. भोपळा पंढरपूर-मंगळवेढा बाजूचा वाळवलेला कडू भोपळा. दिसतो दणकट, पण कोपरा लागला की तडकतो. डब्यातल्या गर्दीत एक शिष्य रात्रभर तो मांडीशी धरून बसतो.

गवसणी

माझ्या नावाचा विषय निघाला म्हणून येते.

तंबोऱ्याची गवसणी (कापडी खोळ) बऱ्याच घरांत घरीच शिवत. पुरुषी तंबोरा पाच फुटांच्या आसपास, भोपळ्याचा घेर सव्वाचार ते साडेचार फूट. वरून मांजरपाट किंवा जाड खादी, आतून जुन्या मऊ लुगड्याचं अस्तर, मध्ये कापूस. कापूस सगळीकडे सारखा भरायचा नाही, तो चुकतो. भोपळ्याच्या बुडाशी जाड, दांडीला पातळ. टाके वाकळेसारखे उभे घालायचे, नाहीतर चार प्रवासांत कापूस खाली गोळा होतो. खुंट्यांच्या जागी कापड सैल सोडायचं. तिथे घट्ट शिवलं तर गवसणी घालता-काढताना खुंटी फिरते आणि लावलेला सूर जातो. तोंड नाडीचं.

अस्तर कोणत्या लुगड्याचं, हे कथेत वापरा. बुवा ज्या तंबोऱ्याला मिठी मारून बैठकीला निघतात त्याच्या आत तिच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ असू शकतो, आणि बुवांनी तो कधी पाहिलेला नसू शकतो.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात आकसून निसटतात. निसटायला लागल्या की खडू चोळायचा. ओल धरणाऱ्या भिंतीला तंबोरा टेकवायचा नाही. घरचे नियम हेच, आणि झाडू हातात असणाऱ्या माणसाला ते सगळ्यात आधी पाठ होतात.

हळदपेव

पैशावर कुणी बोललं नाही अजून. गवयाच्या घरात पैसा पगारासारखा येत नाही. दिवाळी ते वैशाख बैठका, लग्नं, उत्सव. आषाढ-श्रावणात जवळजवळ काही नाही. जेवणारी तोंडं बाराही महिने तेरा. बिदागीच्या पाकिटातून आधी तबलजी, पेटीवाला, शिष्यांचं भाडं आणि टांगा जातो. उरतं ते घरी येतं, तेही वाटेत कुणी हात पसरला नाही तर. म्हणून बाईची वही दाखवा. एका बाजूला गाव आणि तारीख, दुसऱ्या बाजूला आलेले रुपये, आणि मध्ये "सांगितले होते" असा एक रकाना. सांगितलेले आणि आलेले यांतला फरक म्हणजे बुवांचा स्वभाव.

ती हुशार असेल तर वैशाखातला पैसा हळदीत घालेल. सांगलीशेजारी हरिपूरला जमिनीत खोल पेवं होती. हळद त्यात वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, भाव चढला की विकायची. पण पेव म्हणजे कपाट नव्हे, की मनात आलं आणि उघडलं. तोंड उघडून आधी बराच वेळ हवा खेळू द्यावी लागते, मग कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही, आत हवा कोंडलेली असते. एकदा उघडलं की माल बाहेर काढूनच मोकळं व्हायचं. म्हणजे अडीअडचणीला चार पोती काढता येत नाहीत. मुलाचं आजारपण आणि भाव पडलेला, असा प्रसंग घेतलात तर तिची कोंडी आपोआप होईल.

मीटरगेज

तारखांच्या बारीक चुका, एकदमच सांगतो.

१९५३ च्या पत्रावर "जि. सांगली" लिहू नका. ८ मार्च १९४८ ला संस्थानं विलीन झाली, १९४९ पासून जिल्हा दक्षिण सातारा होता. सांगली हे नाव १९६० चं. १९४८ च्या आधी मिरज संस्थान आणि सांगली संस्थान वेगळी होती हेही ध्यानात असू द्या.

आकाशवाणी सांगली १९६३ ची, त्यामुळे तुमच्या कथेत ती नाहीच. पुणे केंद्र १९५३ चं. त्याआधी रेडिओवर गायचं म्हणजे मुंबई. आणि १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. मुंबईहून थेट गाणं लागलंय आणि पेटी वाजतेय असं वाक्य आलं तर पहिला मेल तुम्हाला आमचाच.

रेकॉर्ड दहा इंची असेल तर एका बाजूला तीन मिनिटं आणि वर थोडं. सुई दर बाजूला बदलायची, नाहीतर खाचा झिजतात. "ती रात्रभर त्यांची रेकॉर्ड ऐकत राहिली" म्हणजे रात्रभर दर तीन मिनिटांनी उठून चावी देत राहिली.

उगाच_शंका

दुसऱ्या बाईचा प्रसंग घालणार असाल तर कायदा बघा. मुंबई प्रांतात द्विभार्याबंदी १९४६ ला आली, देशभर हिंदूंसाठी १९५५ ला. प्रांताचा कायदा संस्थानात आपोआप लागू नव्हता. म्हणजे १९४७ साली मिरजेत दुसरं लग्न आणि १९५६ साली दुसरं लग्न, या दोन वेगळ्या कथा आहेत.

खऱ्या माणसांवरून बेतलं असेल तर नाव बदलून भागत नाही. मिरजेत राहिलेला, दक्षिणेत दौऱ्यावर असताना रेल्वे स्टेशनवर गेलेला गायक म्हटलं की खाँसाहेब अब्दुल करीम खाँच डोळ्यांपुढे येतात. १९३७, सिंगपेरुमाळ कोईल, दफन मिरजेच्या दर्ग्यात. गाव, घराणं आणि मृत्यू या तिन्हींपैकी दोन तरी बदला. मृताची बदनामीसुद्धा गुन्हा ठरू शकते, नातेवाइकांच्या भावना दुखवण्याचा हेतू असेल तर. आणि कुणाच्या बायकोची पत्रं हाती लागली तरी जशीच्या तशी छापू नका. कागद ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि मग वारसांचा.

कृष्णाकाठ

नाही, कुणावरच बेतलेलं नाही. दुसरी बाईही नाही. ती शेवटी घर सोडते असा विचार होता, पण काळ बघता पटेल का?

गवसणी

काळाचं कारण देऊ नका. ताराबाई माने १९२२ च्या सुमारास पाच मुलांना घेऊन अब्दुल करीम खाँपासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावंसुद्धा बदलली. अब्दुल रहमान होते ते सुरेशबाबू माने झाले. १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर त्याच घरातल्या, आणि पुढे त्यांनी तिकीट लावून जाहीर बैठका केल्या. तेव्हा बायका घर सोडत नव्हत्या असं नाही. प्रश्न कशाच्या जोरावर सोडणार, हा आहे. तुमच्या नायिकेकडे काय आहे? दुपारचा यमन आणि एक वही.

उलट बाजूही बघा. १९११ ला मानापमानाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. ही गोष्ट शंभर वर्षं रंगमंचाच्या बाजूने सांगितली जाते, नटाची निष्ठा म्हणून. त्या संध्याकाळी घरात कोण बसलं होतं, दिवा कुणी लावला, यावर एक ओळ सापडत नाही. तुमची कथा त्या बाजूची आहे. तिला दार उघडून बाहेर काढायची घाई कशाला?

चुलवाण

सहमत. शिवाय ती गेली तर दुसऱ्या दिवशी सव्वीस भाकरी कोण करतं, ते लिहावं लागेल. तेही वाईट नाही म्हणा. बुवांनी शिष्यांना वार लावायला बाहेर पाठवलं, एवढं एकच वाक्य पुरेल.

अवांतर: उरुसात दर्ग्यातल्या चिंचेखाली गाण्याची हजेरी लागते, तो प्रसंग मिरजेच्या कथेत हटकून येतो. आणायचाच तर गर्दीत बायका कुठे बसल्यात ते आधी ठरवा.

हळदपेव

आणि विधवा झाल्यावर "रेकॉर्डच्या पैशांवर घर चाललं" असं काही नको. गायकाला गायक म्हणून कायद्याने हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीत. त्याआधी करारात जे असेल तेवढंच, आणि कराराचा कागद जपून ठेवला असेल तर. ट्रंकेत सगळ्यात वर तो कागद दाखवा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार, वाखु (वाचनखूण) साठवली. बदल असे करते आहे. काळी चार रद्द, मध्यमाचा षड्ज. पहाटे तंबोरा लावणारा शिष्य सोळा-सतरा वर्षांचा, त्याला मणी दिसतो आणि तो गप्प राहतो. बागेश्री तिला गाता येत नाही, घरात तंबोरा असूनही, हे मधल्या भागात. घर सोडणं काढलं. वही ठेवली, हळद ठेवली.

पहिलं वाक्य सध्या असं आहे: "गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली तशी तिने दार लोटलं, गवसणी काढली आणि तंबोऱ्याची पहिली तार सैल केली." चालेल?

मीटरगेज

शिट्टी चालेल, वारा स्टेशनकडून असेल तर. पण बुवा गेलेत मुंबईला आणि तंबोरा घरात? मग ते काय नेतायत?

कृष्णाकाठ

जोडी नेली. हा तिसरा, जुना, घरच्या तालमीचा.

जवारी

मग ठीक. जुना असेल तर जवारी झिजलेली असेल, घोडीवर तारांच्या खाचा पडलेल्या. झंकार मंद, म्हणजे आवाज वाड्याबाहेर जाणार नाही. तिला ते सोयीचंच आहे.

'सैल केली' तेवढं बदला. सैल तार बोलत नाही. "पंचम उतरवला" लिहा.